पाचवं बोट

आक्का, तुम्ही गेल्या त्या सकाळी या घरात पहिला गळा कोणी काढला, माहीत आहे? तुमच्या पांढऱ्या कोंबड्यानं. तुमाले खाटेवरून खाली ओसरीत घेतलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं, शेजारच्या बाया येऊन बसल्या, तं हा डुलत डुलत आला अन् तुमच्या उजव्या हाताच्या तळव्यावर चोच मारू लागला. बायायनं एकमेकीले कोपर मारलं. एक म्हणे, "पाहा वो बाई, मुक्या जीवालेई समजते." मले हसू आलं, खरं सांगते. त्याले कायचं समजते! लकवा मारल्यापासून तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या त्याच हातानं दाणे टाकत होत्या. डोळ्यावर पिसं आलेल्या कोंबड्याले तेवढा तो हात ओळखू येत होता. हातात दाणा नाही म्हणून ओरडला बिचारा.

मी रडली नाही. हे मीच सांगून टाकते, नाही तं मांगून कोणी चुगली करायची. हे रडले, दाराच्या चौकटीले डोकं लावून, लहान लेकरावाणी. माहा नवरा असला तरी पहिले तो तुमचा भाऊ, तुमच्याच हातानं वाढलेला. अन् वैष्णवी, माही एकुलती एक पोरगी, खुराड्यापाशी उकिडवी बसून तुमच्या कोंबड्यायले पाणी पाजत होती. तीई रडली नाही. ते मले तवाच खटकलं.

बसायले आलेले लोक काय काय बोलले, ते ऐकलं असतं तं तुम्ही उठून बसल्या असत्या. आक्का लय मायाळू. आक्कानं कधी कोणाले दुखवलं नाही. एक तं म्हणे, आक्काच्या जिभेवर साखर होती. तिले मी चहा देऊन राह्यली होती, कप हातातून पडता पडता वाचला. जिभेवर साखर! तिच्याच सुनेले तुम्ही भर बाजारात म्हटलं होतं की हिच्या हातचं माह्या कोंबड्याई खानार नाईत. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मान्य. पण तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे दुसऱ्याच कोण्या बाईबद्दल बोलायचं. ते मले जमणार नाही. मी तुमच्याशी जशी भांडत होती, तशीच भांडीन.

मी लग्न होऊन सोनाळ्याले आली तवा तुम्ही या घरात होत्याच. लग्नाच्या वर्षातच सासरच्यायनं तुमाले माघारी आणून सोडलं होतं. काऊन सोडलं ते कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मले सासू नव्हती, म्हणून माही आई खूश. सगळ्या गावाले सांगे, "माह्या पोरीले सासुरवास नाई." तिनं तुमाले पाह्यलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी भाकर थापली, तं तुम्ही ती उचलून उजेडात धरली अन् म्हटलं, "हे काय वं, जिल्ह्याचा नकाशा काढला काय?"

त्याच वर्षी बशीरभाईनं त्या कोंबड्या आणल्या. बशीरभाई आपल्या आठवडी बाजारात गावरान कोंबड्या विकणारा. तुमचा गावात एकच दोस्त म्हणायचा तं तो. अकोल्याहून कोणाकडून तरी त्यानं एक नर अन् दोन माद्या आणल्या होत्या. डालग्यावरचं फडकं काढलं तं मले वाटलं, यानं कापूसच भरून आणला. पिसं नाहीच, नुसता पिंजलेला कापूस. हात घातला की बोटं बुडून जायची. आतून कातडी काळी कुट्ट, कानाची पाळी निळी, डोक्यावर एवढा झुपका की डोळे कुठं आहेत ते शोधावं लागे. अन् पायाले पाच बोटं. आपल्या गावरान कोंबडीले चार असतात. बशीरभाई म्हणे, "आक्का, इसको सिल्की बोलते. खायची चीज नाई, पाहायची चीज हाय. पर एक याद ठेवा, बोटं पाच पायजे. चार निघाले की वाण बिघडला समजा." तो बोलून चहा पिऊन निघून गेला. तुम्ही मात्र ते मनात गच्च गाठ मारून ठेवलं. त्यानं तवा तोंड बंद ठेवलं असतं तं लय बरं झालं असतं.

तुमाले आठवते, एक मोटारसायकलवाला आला होता? कातडी काळी, हाडं काळी, म्हणून त्याले वाटलं हे औषधाचं कडकनाथच. त्याच्या बापाचे गुडघे दुखत होते, त्याले रस्सा पाजायचा होता. तुमच्या मांडीवर कोंबडी, नुकतीच धुतलेली, अर्धी ओली. तुम्ही मान वर न करता म्हटलं, "जाय बे. आधी तुह्या बापाची हाडं कोन्या रंगाची हायेत ते पाहून ये." गाडी चालू करताना त्याची लाथई चुकत होती. तो गेला अन् आपण दोघी हसलो. तुम्ही अन् मी मिळून हसलो असं मले तेवढंच आठवते, म्हणून सांगितलं.

कोंबड्यायचे तुम्ही केले तसे लाड मी कोणाचे होताना पाह्यले नाहीत. त्यायले उडता येत नाही, म्हणून खाली भुसा-कुटार अंथरायचं अन् तेई रोज बदलायचं. पिसावर पाणी ठरत नाही, पाऊस लागला की कातडीपर्यंत भिजतात अन् गारठून मरतात, म्हणून आभाळ भरून आलं की तुमची पळापळ. माहे पापड भिजले तरी चालतील, कोंबड्या पहिले आत. उन्हाळ्यात खुराड्याले ओले पोते बांधून दुपारभर पाणी शिंपडायच्या, अन् आमी माणसं तिकडे टिनाखाली भाजून निघायची. आंघोळीच्या दिवशी तीन घमेले मांडायच्या. कोमट पाण्यात जरासा शाम्पू, मंग दोन साधी पाणी. कोंबडीले असं धरायच्या की ती तुमच्या हातात झोपूनच जाये. पायाच्या पिसात अडकलेली घाण जुन्या ब्रशनं उकलून काढायच्या, फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायच्या, वारा लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून. शेपटाखालची पिसं कातरायच्या, नाही तं अंडं फळत नाही. डोळ्यावरचा झुपका कातरायच्या, नाही तं तिले दाणा दिसत नाही.

त्या झुपक्यावरून आपलं किती वर्षं वाजलं! मी म्हणायची, कातरू नका, रबर लावून बांधा, कोंबडीचं रूप जाते. तुम्ही म्हणायच्या, "रूप काय चाटायचं हाय? दिसलं पायजे." मी अजूनई म्हणते, बांधायचा. आता तं तुमाले उलट बोलता येत नाही.

अन् हेच हात, आक्का, अंडी फुटली की वेगळे होऊन जायचे. पिल्लू सुकलं की तळव्यावर पालथं घ्यायच्या, पायाची बोटं एक एक वेगळी करून मोजायच्या. पाच असली की टोपल्यात. चार असली की उठायच्या अन् खुराड्याच्या मांगं जायच्या. अंगठा अन् दोन बोटं, जरासा आवाज, झालं. निंबाच्या झाडाखाली पुरायच्या, कुत्र्याले कधी टाकलं नाही, तेवढं खरं. बशीरभाई हातापाया पडे. "मले द्या आक्का, मी इकतो. घेनारा कायले बोटं मोजते?" तुम्ही म्हणायच्या, "माह्या घरचं पिल्लू चार बोटाचं निघालं तं नाव कोनाचं जाईन, तुहं का माहं?" आपल्या घरात 'मांगं नेणं' याचा तेवढा एकच अर्थ राह्यला होता. ह्यायनं एकदा सहज म्हटलं, सायकल मांगं नेतो, तं मी हातातलं काम टाकून पाहायले धावली.

वैशू झाली तवा तुम्ही दवाखान्यात पाहायले आल्या. मी अर्धवट झोपेत होती, पण डोळे उघडे होते. तुम्ही पोरगी उचलली, दुपटं सोडलं, अन् तळव्यावर पिल्लू घेतात तसंच मोजायले लागल्या. पाय मोजले. उजवा हात मोजला. डाव्या हातापाशी थांबल्या, पुन्हा मोजला. मंग मले न पाहता, भिंतीले सांगावं तसं म्हटलं, "डाव्या हाताले करंगळी नाई. कोंबडीचं असतं तं मी मांगं नेलं असतं."

पुन्हा दुपटं गुंडाळलं अन् पोरगी माह्या कुशीत ठेवली. नर्सनं गुंडाळलं होतं त्याच्यापेक्षा चांगलं गुंडाळलं होतं, तेई मी पाह्यलं. ह्यायले सांगितलं तं म्हणे, "आक्काच्या जिभेले हाड नाई, मनातून तशी नाई ती." मनात जाऊन पाहायले माह्यापाशी वेळ नव्हता. टाके दुखत होते. त्या खाटेवरच मी दोन गोष्टी पक्क्या केल्या. हे वाक्य माह्या पोरीच्या कानावर कधी पडू द्यायचं नाही. अन् माही पोरगी तुमच्या हातात जाऊ द्यायची नाही.

पहिलीसाठी मी नवऱ्याले देवाची शपथ घालून तोंड बंद करायले लावलं. दुसरीसाठी काय काय नाही केलं! ती रांगत खुराड्याकडे गेली की उचलून आणायची. मोठी झाली तशी मामाकडे पाठवायची, शिवणकाम शिकवायची, टीव्ही लावून द्यायची. काही उपयोग नाही. शाळेतून आली की दप्तर फेकलं अन् तुमच्यापाशी. तुम्ही तिले जवळ बोलावलं नाही, लाड केले नाहीत, एक गोळी कधी आणून देली नाही. शिव्याच देल्या. "घमेलं वाकडं काऊन धरलं वं? हात हायेत का खुरपे?" तरी ती तुमच्याच मांगं. मले ते सहन होत नव्हतं. मी तिच्यासाठी शिरा करून ठेवायची, तो थंड होऊन जाये.

एक दिवस ती रडत रडत माह्यापाशी आली, छातीशी पिल्लू धरलेलं, मेलेलं. तिनं तुमाले मांगं पाह्यलं होतं. मी तशीच पिठाच्या हातानं आली अंगणात. "लेकरासमोर मारता? लाज नाई वाटत?" मी ओरडली, गल्लीतले लोक दारात आले. तुम्ही कात्री पुसत होत्या. "मंग कोनासमोर मारू?" तुम्ही म्हटलं. "तुह्यासमोर? तू तं डोळे मिटून घेतं." ते पिल्लू वैशूनंच पुरलं. माह्या कुशीत रडली अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्यापाशी कुटार बदलत बसली.

तुमची एक कोंबडी होती, जिच्या टाळूवर दुसरीनं चोच मारली होती. त्या जातीचं डोक्याचं हाड वरून मऊच राहते, मार लागला की मान वाकडी होते. ती मान उलटी करून गोल गोल फिरत होती, दाणा टिपता येत नव्हता. तुम्ही तिले किती तरी दिवस चमच्यानं भरवलं, मान हातात धरून. मी खोचून विचारलं, "हिले काऊन नाई नेलं मांगं?" तुम्ही माह्याकडे असं पाह्यलं की मीच येडी. "हिले बोटं पाच हायेत," तुम्ही म्हटलं.

अन् दुसरी एक, कायम खुडूक बसणारी. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या टोपल्यात पोटाखाली काही तरी असल्यावाणी बसून राहे. तुम्ही तिच्याखाली नदीतला गोल गोटा ठेवला होता. एक दुपारी तुम्ही तिच्याकडे पाहत म्हटलं, "हिले अंडं देल्लं काय, गोटा देल्ला काय, जीव लावूनच बसते." मी तुमच्या तोंडाकडे पाह्यलं. तुम्ही झटकन उठून गेल्या. तवा मी काही विचारायले पायजे होतं का, कोण जाणे. तुम्ही मले शिवीच देली असती.

आता आभाराचं. ते एक राह्यलं आहे, अन् ते मले जड जाऊन राह्यलं आहे.

वैशू सातवीत गेली तवा शाळेत तिले पोट्ट्या चिडवत होत्या. नऊबोटी म्हणत. ती घरी येऊन बोलायची नाही, नुसती डावा हात ओढणीत घालून बसायची. मले म्हणे, "आई, माही डावी बाही लांब शिव ना." मी शिवली. मशीनवर बसून, डोळे पुसत, सगळ्या ड्रेसच्या डाव्या बाह्या बोटभर लांब केल्या. तिचा हात झाकला गेला, ती हसली, मले वाटलं, आईनं करायचं ते मी केलं. तुम्ही ते चार दिवस पाह्यलं. पाचव्या दिवशी ती कोंबडी धरून बसली होती, तुम्ही झुपका कातरत होत्या. कोंबडीचा झुपका झाला अन् तीच कात्री तुम्ही तिच्या बाहीले लावली. कोपरापर्यंत कातरून टाकली. पोरगी किंचाळली. मी धावत आली. तुम्ही कापड खाली टाकलं अन् म्हटलं, "डोळ्यावर आलं की कातराव लागते. दिसलं पायजे."

त्या दिवशी मी तुमाले जे बोलली ते आता तोंडातून निघत नाही. तुमाले सासरच्यायनं सोडलं, तेई काढलं मी. तुम्ही ऐकून घेतलं. मंग त्याच कातरलेल्या बाहीच्या ड्रेसवर तुम्ही तिले हाताले धरून बाजारात नेलं, डाव्या हाताले. बशीरभाईच्या दुकानापाशी एक पोट्टा टक लावून पाहत होता, त्याले तुम्ही विचारलं, "काय पाह्यतं बे? चार हायेत. मोजून झाले असतीन तं चाल पुढं." वैशू आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. अन् त्यानंतर तिनं हात कधी लपवला नाही. आजपर्यंत नाही. कॉलेजात जाते, बसमध्ये दांडा डाव्या हातानं धरते, सगळ्यायच्या समोर.

हे तुम्ही केलं. मले ते जन्मात जमलं नसतं, मी बाह्या लांबच करत राह्यली असती. तुमाले हे कधी सांगितलं नाही, आता सांगते. सांगतानाई राग येते, काऊन की सांगायची दुसरी रीत होती, कात्री न लावताई होत होतं. का नव्हतं होत? मले खरंच माहीत नाही, आक्का.

मंग तुमाले लकवा मारला. डावी बाजू पुरी गेली, तोंड वाकडं झालं. खाट तुम्ही खुराड्यासमोरच्या पडवीत टाकायले लावली. सगळं माह्या अंगावर आलं. मी तुमाले धुतलं, पुसलं, कूस बदलून देली, भरवलं. कोमट पाणी, साधं पाणी, फडकं. तुमचेच घमेले घेतले होते मी. एक दुपारी मी तुमची वेणी घालत होती, अन् तुम्ही जड जिभेनं म्हटलं, "कोंबडी असती तं एवढे दिवस ठेवलं नसतं मले."

तुम्ही वाट पाहून राह्यल्या होत्या. मान वळवता येत नव्हती तरी डोळा माह्याकडे वळवला होता, चांगला डोळा. मले उत्तर माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतं. तुमाले बोटं पाच हायेत, आक्का, एवढंच म्हणायचं होतं. वैशू झाली तवाचा तो दवाखाना माह्या डोळ्यासमोर आला, अन् मी वेणी घालत राह्यली. घट्ट घातली, दुखन अशी. त्याचं मले वाईट वाटत नाही. तुम्ही माह्या जागी असत्या तं तुम्हीई तेच केलं असतं, अन् त्याच्या वरतून एक टोमणा मारला असता.

शेवटी शेवटी तुमाले माणसं ओळखू येत नव्हती. वैशू रोज खाटेवर बसे. एक दिवस तुम्ही तिचा डावा हात उजव्या हातात घेतला अन् मोजायले लागल्या. एक, दोन, तीन, चार. थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. मंग त्या मोकळ्या जागी तुमचं बोट फिरत राह्यलं, खाली हरवलेलं काही चाचपडावं तसं. तोंडातून आवाज येऊन राह्यला होता, रडण्यासारखा. मी दारात उभी होती. मले वाटलं, आता पोरगी हात ओढून घेईन. तिनं काय केलं? आपल्या उजव्या हाताची करंगळी गुपचूप तिथं आणून लावली. तुम्ही ती धरली. "पाच," तुम्ही म्हटलं अन् डोळे मिटले. मी आत जाऊन चुलीपाशी बसली. मले वाटलं, मी जिंकली. तुमच्या हाताखाली राहूनई माह्या पोरीत माया उरली, ती माही आहे.

तुम्ही गेल्या तवा तुमच्या खाटेखाली टोपल्यात एक कोंबडी खुडूक बसलेली होती, वैशूनं बसवलेली. खाट काढली तरी तिनं टोपलं हलू देलं नाही. ती अंडी नेमकी तुमच्या तेरवीच्या दिवशी फुटली. अंगण पाहुण्यायनं भरलेलं, आचारी ओरडत होता, पत्रावळी मांडणं चालू होतं. वैशू पडवीत मांडी घालून बसली अन् एक एक पिल्लू तळव्यावर घेऊन मोजू लागली. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राह्यली. पाच, पाच, पाच. मंग एकाले चार.

सगळ्यात धट्टंकट्टं तेच होतं, चिवचिवाट करत होतं. मी मनात म्हटलं, आक्का, आता पाहा. आता तुम्ही नाही.

"राहू दे हे, वैशू," मी म्हटलं. "माह्यासाठी ठेव."

"आई, वाण बिघडते."

"बिघडू दे. आता कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना."

मी खाली बसली, तिचा हात धरला, डावा, पिल्लासकट. इतकी वर्षं जे तोंडावर येऊ देलं नाही ते आलं. "वैशू, तू झाली तवा आक्का..."

"मले मालूम हाय," ती म्हणे. "कोंबडीचं असतं तं मांगं नेलं असतं. आक्कानंच सांगितलं मले, बाही कातरली त्याच्यानंतर."

मी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. "अन् तुले काही वाटलं नाई?"

"वाटलं ना. लय रडली मी. मंग इचारलं, मंग काऊन नाई नेलं? तं म्हणे, मलेई नेलं होतं मांगं, माह्या सासरच्यायनं. मी मेली नाई म्हणून वापस आली. तूई मरत नाई." एवढं बोलून तिनं माही बोटं आपल्या मनगटावरून एक एक करून सोडवली, हळू, कोंबडीच्या पायाची पिसं उकलतात तशी. उठली, खुराड्याच्या मांगं गेली. मी डोळे मिटले नाहीत. अंगठा अन् दोन बोटं. तेवढाच आवाज. निंबाखाली माती सारखी केली, नळावर हात धुतले, ओढणीले पुसले अन् मले म्हणे, "आई, मीठ वाढायचं राह्यलं का?"

तवा मी रडली, आक्का. भर तेरवीत, पंगतीच्या तोंडावर, पडवीतल्या तुमच्या रिकाम्या जागेवर बसून मोठ्यानं रडली. पिल्लासाठी रडली, पोरीसाठी रडली. तुमच्यासाठी नाही. बाया धावत आल्या, कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. तीच ती, जिभेवर साखरवाली, मले छातीशी धरून सगळ्यायले सांगू लागली, "लय जीव होता वो हिचा आक्कावर."

मी तिले नाही म्हटलं नाही.